भाड्याची कार्ट आणि रेसची कार्ट: एका ट्रॅकचे दोन हिशेब

गेल्या मे महिन्यात घणसोलीचे एक गृहस्थ मुलाला घेऊन ट्रॅकवर आले. मुलगा अकरा वर्षांचा, नजर सारखी पिटकडे, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या जागेकडे. वडिलांनी काउंटरवरचं रेटकार्ड दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "अहो, दहा मिनिटांचे पाचशे नव्वद. महिन्याला दहा राइड घेतल्या तर दोन-तीन वर्षांत हा रेसर होईल ना?"

मी नवी मुंबईतल्या एका छोट्या गो-कार्ट ट्रॅकचे हिशेब लिहितो आणि शनिवार-रविवारी मार्शल म्हणून झेंडाही धरतो. हाच प्रश्न ट्रॅक काढायला निघालेली तरुण मंडळी उलट्या बाजूने विचारतात: "दादा, तुमच्याकडे रविवारी एवढी गर्दी असते, म्हणजे रेसिंगला इथे मार्केट आहे ना?" गल्लत दोघांची एकच. भाड्याने कार्ट फिरवणं आणि कार्ट रेसिंग हे एकाच डांबरावर चालणारे दोन वेगळे धंदे आहेत. हे वेळेवर न कळल्यामुळे रेसिंगवर जीव असलेली माणसं हौसेने ट्रॅक उघडतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत गाशा गुंडाळतात. मला याचं फार वाईट वाटतं.

आधी गाड्या पाहू. भाड्याच्या कार्टला साधारण २०० ते २७० सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन असतं, पाण्याच्या पंपाला आणि जनरेटरला बसतं त्याच जातीचं. चारही बाजूंनी बंपर, कडक टायर, जड सांगाडा. ती ठोकर खायलाच बनवलेली असते, कारण तिच्यात दर दहा मिनिटांनी नवा माणूस बसतो आणि त्यातले निम्मे पहिल्यांदाच स्टीअरिंग धरत असतात. रेसच्या कार्टला बहुधा १२५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन असतं. रोटॅक्स मॅक्सचं सीनिअर इंजिन घेतलं तर ताकद ३० हॉर्सपॉवरच्या आसपास, आणि सरळ पट्टा लांब मिळाला तर वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर. टायर मऊ, स्लिक (म्हणजे नक्षी नसलेले), काही सेशनमध्ये संपणारे.

लोकांना सगळ्यात जास्त नवल वाटतं ते कमरेच्या पट्ट्याचं. भाड्याच्या कार्टला अनेक ठिकाणी सीट बेल्ट असतो, रेसच्या कार्टला नसतो. रेसच्या कार्टला डोक्यावर पिंजरा नाही, त्यामुळे गाडी उलटली तर चालक तिच्याखाली अडकण्यापेक्षा बाजूला फेकला गेलेला बरा, असा विचार त्यामागे आहे. म्हणून तिथे सूट, हातमोजे, बरगड्यांचं कवच हे सगळं चालकाच्या अंगावर असतं, आणि ते त्याने स्वतःच्या पैशाने घेतलेलं असतं. भाड्याच्या गिऱ्हाइकाला हेल्मेट ट्रॅक देतो, हेल्मेटखालची टोपी ट्रॅक देतो, आणि त्याची काळजी ट्रॅकनेच वाहायची. २०१८ मध्ये हरियाणात पिंजोरला कार्टच्या चाकात केस अडकून एका महिलेचा जीव गेला. तेव्हापासून आमच्या काउंटरवर एक मुलगी फक्त एवढंच काम करते: ओढणी काढून ठेवायला सांगणं, केस बांधून हेल्मेटच्या आत घालायला लावणं, आणि कोणी ऐकलं नाही तर पैसे परत देणं. तिचा पगार भाड्याच्या धंद्याच्या खात्यात पडतो. रेसच्या दिवशी तिची गरज नसते, पण तेव्हा ॲम्ब्युलन्स उभी करावी लागते.

आता पैसे. आकडे समजण्यासाठी गोल धरतो, कुठल्याही एका ट्रॅकचे नाहीत.

समजा दहा कार्ट आहेत. दहा मिनिटांची राइड, मधली पाच मिनिटं चढ-उतार आणि हेल्मेट. म्हणजे तासाला चार फेऱ्या, चाळीस राइड. शनिवार-रविवारी संध्याकाळी पाच ते दहा ट्रॅक पूर्ण भरला तर दोनशे राइड होतील, पण पूर्ण कधीच भरत नाही. १२० धरा. पाचशे नव्वदमधले नव्वद जीएसटीचे. ते गल्ल्यात दिसतात, पण आपले नसतात. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा हा दर २८ टक्के होता, जानेवारी २०१८ मध्ये १८ वर आला. दरांच्या यादीत गो-कार्टिंगचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे, थीम पार्क, जॉयराइड आणि मेरी-गो-राउंडच्या रांगेत. सरकारच्या लेखी आपण करमणूक विकतो, आणि भाड्याच्या कार्टपुरतं ते बरोबरच आहे.

तर राइडमागे पाचशे, १२० राइडचे साठ हजार. सोमवार ते शुक्रवार दिवसाला वीस राइड, म्हणजे दहा हजार. महिन्यात आठ दिवस गर्दीचे आणि बावीस साधे: चार लाख ऐंशी हजार अधिक दोन लाख वीस हजार, सात लाख. ऐकायला छान वाटतं. पण ट्रॅक उघडा आहे आणि आपण ठाणे खाडीच्या काठी राहतो. जून ते सप्टेंबर डांबर ओलं, गिऱ्हाईक घरी. आठ महिन्यांचे छप्पन लाख बारा महिन्यांत वाटले की महिन्याला पावणेपाच लाखसुद्धा येत नाहीत, आणि जागेचं भाडं मात्र बाराही महिने. त्यातून पेट्रोल, पोरांचे पगार, वीज, आणि वर्कशॉप. रविवारी रात्री वर्कशॉपमध्ये येऊन पाहा: दोन वाकलेले टाय रॉड, एक तडकलेलं सीट, स्प्रॉकेटवरून उतरलेल्या दोन चेन, झिजलेले ब्रेक पॅड. ही गाडी ट्रॅकची असल्यामुळे दुरुस्तीही ट्रॅकचीच.

इथे रेसिंगवाला मालक म्हणतो, मग रेसच भरवू या! गाडी रेसरची, टायर त्याचे, मेकॅनिक त्याचा, पन्नासेक तासांनी इंजिन उघडायचं तो खर्चही त्याचा. आपण फक्त डांबर द्यायचं. वीस जण आले, एंट्री चार हजार, ऐंशी हजार एका झटक्यात. साठपेक्षा ऐंशी मोठे.

वहीत मात्र हे असं बसत नाही. रेस रविवारी, तर सराव शनिवारी. म्हणजे भाड्याच्या कार्ट दोन्ही दिवस पिटमध्ये झाकून. दोन संध्याकाळींचे मिळून एक लाख वीस हजार बुडाले, आणि तेही महिन्याच्या सगळ्यात चांगल्या दिवसांचे. ऐंशी आले, एकशेवीस गेले. अजून वळणावळणावरचे मार्शल, डॉक्टर, ॲम्ब्युलन्स, लॅप मोजणारी यंत्रणा आणि त्यासाठी गाडीवर बसवायचे ट्रान्सपाँडर, विमा, देशातल्या मोटरस्पोर्टची संघटना एफएमएससीआय हिची परवानगी, करंडक हे धरलेलंच नाही. प्रेक्षक येतात ते रेसरांचे आई-बाबा आणि आजी, आणि चपाती-भाजीचा डबा घरून आणतात. त्यांच्याकडून तिकीट कोण घेणार? रेस झाल्यावर मालकाच्या चेहऱ्यावरचा आनंद मी पाहिला आहे, तो खरा असतो. सोमवारी सकाळी त्याच माणसासमोर वही ठेवायची वेळ माझ्यावर येते.

पण या दोन धंद्यांतला सगळ्यात खोल फरक जागेचा आहे, आणि ठाणे-नवी मुंबईत माणूस फसतो तो तिथेच. भाड्याच्या धंद्याचं भांडवल चाकांवर असतं. कार्ट, टायरचे बॅरियर, हेल्मेटं, लोखंडी कंटेनरमधलं ऑफिस हे सगळं उद्या ट्रकमध्ये घालून दुसरीकडे नेता येतं. रेस ट्रॅकचं भांडवल जमिनीत पुरलेलं असतं: नीट उतार काढलेला पाया, एकसारखं डांबर, पाण्याचा निचरा, वळणाबाहेर गाडी घसरली तर थांबेल एवढी मोकळी जागा. ते उचलून नेता येत नाही. आणि इथे जागा मिळते कशी? घोडबंदर रोडला एखाद्या बिल्डरचा प्लॅन पास होईपर्यंत रिकामा पडलेला प्लॉट, किंवा नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात कुणाच्या शेडमागचं मैदान, आणि हातात अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स. लायसन्सने जागा वापरायची परवानगी मिळते, जागेवर कसलाही हक्क निर्माण होत नाही. अशा कागदावर भाड्याचा ट्रॅक टाकणं हा समजून घेतलेला धोका आहे. त्याच कागदावर रेसचं डांबर ओतणं म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत आपले पैसे पेरणं. मी एका तरुणाला हे करताना पाहिलं आहे. दुसऱ्या वर्षी कराराचं नूतनीकरण झालं नाही. त्याच्या कार्ट विकल्या गेल्या, पण डांबराचं काय करणार?

आवाजाचाही मुद्दा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत दिवसाची मर्यादा रहिवासी भागात ५५ डेसिबल आणि औद्योगिक भागात ७५ आहे. फोर-स्ट्रोक कार्ट सायलेन्सर लावून कशीतरी खपून जाते, टू-स्ट्रोकची किंचाळी टॉवरच्या अठराव्या मजल्यावरही पोचते. म्हणून रेसचा विचार असेल तर महापे-रबाळेची औद्योगिक बाजू बघावी, घोडबंदर नको.

मोठ्या ट्रॅकनाही ही गल्लत चुकलेली नाही. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा. २०११ ते २०१३ तिथे फॉर्म्युला वनच्या तीन शर्यती झाल्या, आणि हा खेळ की करमणूक, यावरून करमणूक कराचा वाद पेटला. मालक उभा होता बघ्यांच्या तिकिटांवर आणि भोवतालच्या जमिनीच्या भावावर. शर्यत गेली, पुढे २०२० मध्ये जमिनीचं वाटपही रद्द झालं. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक १९९० पासून आहे. तो मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा, म्हणजे शर्यतीत उतरणाऱ्यांनीच उभारलेला. तिथे दिमाख कमी, पण रेसिंग तीस वर्षांहून जास्त चाललं आहे. मला छोट्या ट्रॅकसाठी दुसरा नमुना जवळचा वाटतो.

आमच्याकडे काय जमलं ते सांगतो. मालकाने रविवार भाड्याला सोडला आणि रेसरांना रिकाम्या वेळा विकल्या. बुधवारी दुपारी दोन ते पाच ट्रॅकवर एरवी कुत्रंसुद्धा फिरत नाही, ती वेळ महिन्याच्या वर्गणीवर दिली. गाड्या ठेवायला कंटेनर भाड्याने दिला. कार्ट घरी नेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवणं कुणालाच परवडत नाही, त्यामुळे तो लगेच भरला. शर्यत दोन महिन्यांतून एकदा, रविवारीच, पण सकाळी सात ते बारा. संध्याकाळी पाचला भाड्याच्या कार्ट परत बाहेर. मधल्या वेळात ट्रॅक झाडावा लागतो, कारण स्लिक टायरांचं रबर वळणावर बसतं आणि त्यावर भाड्याची कार्ट अडखळत चालते. एंट्री चार हजारांवरून साडेपाच हजार केली आणि दर का वाढवला याचा कागद पालकांपुढे ठेवला. दोघे गेले, अठरा राहिले. रेसिंगचं खातं अजून नफ्यात नाही, पण गेल्या मार्चला पहिल्यांदाच ते भाड्याच्या खात्यातून उसने न घेता चाललं.

घणसोलीच्या त्या बाबांना मी एवढं सगळं सांगितलं नाही. म्हटलं, "दहा राइडच्या पैशात याला मजा भरपूर येईल, पण रेसिंगची किंमत वेगळी आहे, आणि पुढे खऱ्या लांबीच्या ट्रॅकसाठी कोल्हापूर किंवा कोइम्बतूर गाठावं लागेल. आधी चार बुधवार आणा, आमची जुनी रेस कार्ट देतो." ते म्हणाले, "बुधवारी याची शाळा साडेबाराला सुटते." पोराने तोवर पिटमध्ये जाऊन मेकॅनिकला विचारलं होतं की या गाडीला पट्टा का नाही.