अध्यक्षपद (आद्य ख्रिस्ती मंडळीतील)

ख्रिस्ती मंडळीवरील (चर्चवरील) देखरेखीचे पद. यातूनच पुढे बिशपपद आकाराला आले. ‘एपिस्कोपोस’ हे या पदाचे ग्रीक नाव नगरांतील अधिकारी व संघांचे कारभारी यांच्यासाठी आधीपासून रूढ होते.

प्रेषित पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रात (इ. स. ५० ते ६२ च्या सुमारास) अध्यक्ष व सेवक (डीकन) यांचा उल्लेख अनेकवचनी आहे. नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात (२०:१७–२८) पौल इफिस येथील मंडळीच्या वडिलांना (प्रेस्बिटर, म्हणजे मंडळीतील ज्येष्ठ पुढारी) मिलेतास बोलावतो आणि पुढे त्यांनाच अध्यक्ष म्हणतो. तीताला पत्रातही (१:५–७) हेच दिसते. त्यामुळे आरंभी वडील व अध्यक्ष एकच होते, हे मत बहुतेकांना मान्य आहे. फूट टाळण्यासाठी वडिलांपैकी एकाला इतरांवर नेमू लागले, असे प्राचीन ख्रिस्ती विद्वान जेरोम सांगतो.

पदाच्या उगमाबद्दल मात्र वाद आहे. इंग्रज अभ्यासक लाइटफूट (१८६८) यांच्या मते ते वडीलमंडळातून वर आले. हॅच (१८८०) यांनी ग्रीक संघांतील द्रव्यव्यवस्थापकांशी त्याचा संबंध जोडला. मृत समुद्राकाठच्या कुमरान येथील प्राचीन यहुदी पंथाच्या नियमांत ‘मेबाक्केर’ नावाचा निरीक्षक आढळल्यावर यहुदी मुळाकडेही लक्ष गेले. हे साम्य लक्षणीय असले, तरी थेट संबंधाचा पुरावा नाही. एकंदरीत लाइटफूट यांची मांडणी अधिक ग्राह्य वाटते, पण दानाचे वाटप अध्यक्षांकडे असल्याने हॅच यांचा मुद्दा अगदीच गैरलागू नाही.

एका नगरात एकच बिशप, त्याच्याभोवती वडील व सेवक, ही रचना प्रथम ठळकपणे दिसते ती अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याच्या पत्रांत. ही पत्रे परंपरेने रोमन सम्राट ट्रेजनच्या काळातील (९८–११७) मानतात; काही अभ्यासक ती आणखी उशिराची ठरवतात. बिशपशिवाय काहीही करू नका, असे तो पुनःपुन्हा बजावतो, त्या अर्थी ही पद्धत तेव्हा सर्वमान्य नसावी. रोमकरांना लिहिलेल्या त्याच्या पत्रात तेथील बिशपचा उल्लेखच नाही. रोमहून करिंथला गेलेले क्लेमेंटचे पत्रही (सु. ९६) पदच्युत वडिलांची बाजू घेते, एकट्या बिशपबद्दल ते बोलत नाही. रोममध्ये ही पद्धत बहुधा दुसऱ्या शतकाच्या मध्यास स्थिरावली. ल्योंचा बिशप आयरेनियस याने सु. १८० मध्ये दिलेली रोमच्या बिशपांची यादी थेट प्रेषितांपर्यंत जाते; तिचा आरंभीचा भाग सावधपणे वापरावा लागतो.

तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन याने बिशपांच्या एकोप्यावर भर दिला. बिशपांच्या नायसीया परिषदेने (३२५) नव्या बिशपच्या दीक्षेसाठी किमान तीन बिशपांची उपस्थिती आवश्यक ठरवली.