सातवी ओळ म्हणजे नक्की कुठली?

फॉर्मवर बटण दाबलं की टेक्स्ट फाइलीतली सातवी ओळ बदलावी आणि बाकीच्यांना हात लागू नये, एवढीच मागणी असते. पण फाइलीत ओळ नावाची वस्तूच नसते, सगळा घोळ तिथून.

पंचकार्डाच्या काळात ओळ खरंच हातात धरता यायची, ८० कॉलमचं एक कार्ड, सातवं काढा, नवीन घाला, झालं. मग १९७० च्या आसपास युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी ठरवलं की फाइल म्हणजे नुसती बाइटची माळ, आत काय आहे ते ज्याच्या त्याच्या प्रोग्रामनं बघावं, ओळ संपली हे सांगायला एक खुणेचं अक्षर पुरे. विंडोजच्या आधीच्या डॉसनं तिथे दोन अक्षरं ठेवली. लोक यावर अजून भांडतात, माझ्या मते युनिक्सवाल्यांचा निर्णय बरोबरच होता.

आमची गोष्ट सुरू होते १९९८ च्या व्हीबी सिक्सपासून, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेपासून. त्यात रँडम मोड होता, रेकॉर्डची लांबी ठरवून द्यायची आणि पुट या लिहायच्या आज्ञेला ७ आकडा दिला की थेट सातव्या जागी लिहून मोकळं. पण ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली की सगळं एकाला एक चिकटलेलं दिसायचं आणि गिऱ्हाइकाला तर नोटपॅडमध्येच बघायचं असायचं. म्हणून साधी फाइल, आणि साध्या फाइलीला मोड तीनच, वाच, नव्याने लिही, शेवटी जोड. मधली ओळ बदलायचा मोडच नाही! मग सगळ्या ओळी ॲरेत, म्हणजे मेमरीतल्या यादीत घ्या, एक बदला, पूर्ण फाइल परत लिहा. त्यात ओपन फॉर आउटपुट (नव्याने लिहायला उघड) म्हटलं रे म्हटलं की जुनी फाइल शून्य बाइट होते, आणि आमच्याकडे जूनमध्ये वीज कधी जाईल नेम नाही, त्यामुळे आधी वेगळ्या नावाने लिहून मग नाव बदलायचं हे आम्ही एकदा रिकामी फाइल बघूनच शिकलो.

पण खरा गुंता 'ओळ' या शब्दातच. म्हापशात एका भुसारी दुकानासाठी (आपला पसरोच तो) उधारीचा प्रोग्राम केला होता, टेक्स्टबॉक्समध्ये यादी, ज्या ओळीवर कर्सर ती बदलायची. आडवा स्क्रोलबार दिला नाही की तो टेक्स्टबॉक्स लांब ओळ आपोआप मोडून खाली आणतो हे माहीत नव्हतं. वरचे दोन पत्ते लांब निघाले, टेक्स्टबॉक्स म्हणाला कर्सर नवव्या ओळीवर, फाइलीत ती सातवी, आणि हळदोण्याच्या माणसाची उधारी थिवीवाल्याच्या ओळीवर जाऊन बसली. "बाब, हे काय केलंस रे?" दोन दिवस वही घेऊन बसलो.

म्हणजे विंडोजच्या लेखी ओळ म्हणजे पडद्यावर दिसते ती, फाइलीच्या लेखी खुणेपर्यंतची. नोटपॅडनं यावर उपाय काय काढला, तर पूर्वी वर्ड रॅप (लांब ओळ मोडून दाखवणं) चालू असेल तर ओळीवर जायची सोयच बंद, खालची ओळ नंबराची पट्टी पण बंद! ती पट्टी रॅपसकट दिसायला २०१८ उजाडलं. व्हीबी सिक्सनंतर आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटच्या टेक्स्टबॉक्समध्ये तर दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात, लाइन्स मागितल्या तर खुणेप्रमाणे मिळतात, कर्सरची ओळ विचारली तर पडद्याप्रमाणे. पायथन भाषेत खिडक्या-बटणं बनवायच्या टीके (Tk) मध्ये आणखी गंमत, ओळी १ पासून मोजायच्या आणि ओळीतली अक्षरं शून्यापासून.

२००५ च्या डॉटनेट २.० मध्ये सगळ्या ओळी वाचायला एक कॉल, लिहायला एक कॉल आला, आत मात्र तेच जुनं, पूर्ण फाइल परत लिहिणं. युनिक्सच्या सेड या मजकूर बदलायच्या कमांडला जागेवर बदल म्हणून सांगितलं तरी तो आतून नवीनच फाइल बनवतो.

जागच्या जागी लिहायचा हट्ट इंग्रजीत कधीमधी खपून जायचा, अक्षराला एक बाइट म्हणून. यूटीएफ-८ या अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, मात्रा आणि हलन्त धरून, 'पणजी' १२ बाइट आणि 'म्हापसा' २१. पणजीच्या जागी म्हापसा लिहिलात तर पुढचे ९ बाइट शेजारच्याचे गेले.