दगडावर चढायला ताकद लागते किती?

ऑफ-रोड गाडीच्या इंजिनाची चर्चा अश्वशक्तीच्या आकड्यापासून सुरू होते आणि बऱ्याचदा तिथेच अडकून बसते. अश्वशक्ती म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि फेऱ्यांचा वेग यांचा गुणाकार. बहुतेक पेट्रोल इंजिनं आपली कमाल शक्ती मिनिटाला पाच-सहा हजार फेऱ्यांवर देतात. खडकाळ चढणीवर चाक एकेक दगड चाचपत पुढे सरकतं, तेव्हा इंजिन हजार-दीड हजार फेऱ्यांवर असतं. त्या क्षणी कागदावरची शक्ती कामाची नसते.

मग टॉर्क तरी किती हवा? हिशेब करून पाहू. दीड टनाची गाडी, चाकाची त्रिज्या ३५ सेंटिमीटर, टायर आणि खडकातला घर्षणांक (पकडीचं माप) ०.८. चारही चाकं मिळून साधारण ४,१०० न्यूटन-मीटर टॉर्क पेलतात. त्यापुढे ती जागच्या जागी फिरू लागतात. आता इंजिन घेऊ अगदी माफक, १३० न्यूटन-मीटरचं. लो-रेंजमध्ये, म्हणजे मंद पण जोरकस चालीच्या गिअरांत, पहिला गिअर टाकला, की ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा गिअरबॉक्स) आणि डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटणारे गिअर) धरून टॉर्क समजा ४० पट होतो. गिअरांमधल्या घर्षणात पंधरा टक्के गेले तरी चाकांपाशी ४,४०० पोचतात. म्हणजे इंजिन थकण्याआधी टायरची पकड सुटते! जीप रँग्लर रुबिकॉनच्या मॅन्युअल गिअरच्या मॉडेलात तर ही वाढ ८४ पटींच्या घरात जाते.

म्हणून खडकावर महत्त्वाचं ठरतं ते हे, की कमी फेऱ्यांवर इंजिन न अडखळता चालतं का आणि पेडल जरासं दाबल्यावर लगेच, पण बेताने, उत्तर देतं का. डिझेलची ख्याती इथलीच. भार वाढला की नियंत्रक आपोआप जास्त इंधन सोडतो, त्यामुळे पाय पेडलवर नसतानाही गाडी रांगत राहते. पण आजच्या छोट्या डिझेलचा बराचसा जोर टर्बोचा (इंजिनात दाबाने जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा) असतो, आणि हजार-बाराशे फेऱ्यांवर टर्बो पुरेसा दाब देत नाही. दाब येतो तेव्हा एकदम येतो, नेमका नको त्या दगडावर. अशा जागी टर्बो नसलेलं साधं पेट्रोल इंजिन मला जास्त भरवशाचं वाटतं.

उंचीवर मात्र बाजी पलटते. समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरवर हवेची घनता पाव हिश्शाहून अधिक घटते, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही जवळपास तेवढीच. टर्बो ही तूट बरीचशी भरून काढतो.

वाळूचं गणित निराळं. तिथे थांबलात की रुतलात, त्यामुळे वेग टिकवायला खरोखरच अश्वशक्ती लागते. झटकन फेरे घेणारं मोठं पेट्रोल इंजिन वाळूत खुलतं. पेट्रोल पितंही तसंच.

नव्या डिझेलची एक अडचण विक्रेते सहसा सांगत नाहीत. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर स्वतःला साफ करतो ती काजळी जाळून, आणि त्यासाठी धुराचं तापमान ६०० अंश सेल्सियसच्या आसपास न्यावं लागतं. दिवसभर रांगणाऱ्या गाडीत ते सहज गाठलं जात नाही. फिल्टर तुंबत जातो. अशा गाडीला अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर पळवावंच लागतं.

विजेची मोटर शून्य फेऱ्यांवरच पूर्ण टॉर्क देते, आणि तो मिलिसेकंदांत कमी-जास्त करता येतो. नुसतं खडकावर चढायचं, तर तिच्या तोडीचं दुसरं काही नाही. घोडं अडतं ते अंतरावर. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० किलोवॅट-तास ऊर्जा असते. त्यातला तिसरा हिस्साच चाकांपर्यंत पोचतो असं धरलं, तरी ६० लिटरची टाकी २०० किलोवॅट-तास काम देते. तेवढं काम बॅटरीकडून हवं असेल तर तिचं वजन टनाच्या वर जातं, आणि ते वजन मऊ जमिनीत गाडीला आणखी खोल रुतवतं.