यकृतातील लोखंड आणि वाढते वय

फोंड्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या निवृत्त मास्तरांच्या सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली आणि वाड्यावर कुजबुज सुरू झाली, कारण गोव्यात यकृताचे दुखणे म्हटले की लोकांना आधी फेणी आणि हुर्राक आठवते. वयाच्या ७२ व्या वर्षापर्यंत दारूला स्पर्शही न केलेल्या माणसाला नातेवाइकांपुढे खुलासे द्यावे लागले, याचे मला फार वाईट वाटले. दारू यकृताची वैरीण आहेच; पण लठ्ठपणा आणि मधुमेहामुळेही यकृतात चरबी साठते, आणि तीच चरबी म्हाताऱ्या यकृताला तरुण यकृतापेक्षा अधिक बाधते.

असे का व्हावे? उंदराच्या यकृताचा दोनतृतीयांश भाग काढला तरी ते आठ-दहा दिवसांत जवळजवळ मूळ वजनावर येते. पेशी मरतात, नव्या येतात, आणि शरीर हे बहुधा शिस्तीने घडवून आणते. २०१२ साली मात्र कोलंबिया विद्यापीठातील ब्रेंट स्टॉकवेल आणि स्कॉट डिक्सन यांनी पेशीमृत्यूच्या एका वेगळ्याच प्रकाराला नाव दिले: फेरोप्टोसिस, म्हणजे लोहामुळे येणारा मृत्यू.

तो समजून घ्यायला आपले स्वयंपाकघर पुरे आहे. पावसाळ्यात झाकण सैल राहिलेल्या डब्यातला काजूगर खाऊन पाहावा. पहिल्याच घासाला तो खवट लागतो. खोबरेल त्या मानाने पुष्कळ टिकते, कारण त्यातील बहुतेक मेदाम्ले संतृप्त, म्हणजे साखळीत दुहेरी बंध नसलेली, असतात. ज्या मेदाम्लांच्या साखळीत एकाहून अधिक दुहेरी बंध असतात, त्यांत दोन बंधांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन सैल धरलेला असतो. एखाद्या मुक्तमूलकाने, म्हणजे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन बाळगणाऱ्या अस्थिर रेणूने, तो हिसकावला की त्या जागी ऑक्सिजन येऊन चिकटतो, आणि असा ऑक्सिजनयुक्त रेणू शेजारच्या साखळीचा हायड्रोजन ओढून स्वतः पेरॉक्साइड बनतो. अशी ही लागण एका रेणूवरून दुसऱ्यावर पसरत जाते. आपल्या पेशींच्या पटलांतही अशी मेदाम्ले असतात. त्यात लोह मोकळे असेल तर ते तयार झालेली पेरॉक्साइडे फोडून नवी मुक्तमूलके निर्माण करते, म्हणजे एका ठिणगीच्या अनेक होतात. त्यांना आवरणारे विकर (एन्झाइम) म्हणजे जीपीएक्स४. त्याच्या गाभ्यात सेलेनियमचा एक अणू असतो, आणि ग्लुटाथायोन हे पेशीतलेच संरक्षक रसायन खर्च करून ते या पेरॉक्साइडांचे निरुपद्रवी अल्कोहोलांत रूपांतर करते. ग्लुटाथायोन संपले किंवा जीपीएक्स४ अपुरे पडले, की पटल अक्षरशः खवट होते आणि फाटते.

आता यात वय मिळवावे. जादा लोह बाहेर टाकण्याची सोय आपल्या शरीरात नाही. ते साठवले जाते, आणि साठवणुकीचे मुख्य कोठार यकृतच आहे. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांच्या शरीरातही हा साठा वाढू लागतो. २०२४ साली ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले, की वृद्ध उंदरांच्या यकृतपेशी या लोहमृत्यूकडे अधिक झुकलेल्या असतात, आणि तो रोखणारे फेरोस्टॅटिन-१ हे रसायन दिले असता, यकृत बिघडवणारा आहार चालू असूनही त्यांची यकृते तरुण यकृतांसारखी दिसू लागली. हे रसायन माणसांसाठीचे औषध नव्हे.

म्हणूनच ‘यकृत शुद्ध करणाऱ्या’ चूर्णांच्या जाहिराती पाहून मला संताप येतो, आणि काविळीवर मंतरलेली माळ घालणे किंवा डाग देणे अजून चालते याचे दुःख होते. त्यात उपचारांचे मोलाचे दिवस वाया जातात. हे वाचून रक्तक्षय असलेल्या कुणी आपल्या लोहाच्या गोळ्या थांबवू नयेत. आणि लोहाची कमतरता तपासल्याशिवाय उतारवयात कुणी त्या शक्तीसाठी म्हणूनही घेऊ नयेत.

मास्तरांच्या डॉक्टरांनी यकृतात जुन्या इजेचे वण किती आहेत याचा अंदाज घेण्यासाठी फिब-४ हे साधे सूत्र वापरले. त्यात वयाला रक्ततपासणीतील एएसटी या यकृताच्या विकराच्या आकड्याने गुणतात, आणि त्या गुणाकाराला प्लेटलेट्सचा आकडा आणि एएलटी या दुसऱ्या विकराच्या आकड्याचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागतात. रक्ताचे सर्व आकडे तेच असले, तरी ३६ वर्षांच्या माणसापेक्षा ७२ वर्षांच्या मास्तरांचे उत्तर नेमके दुप्पट येते. म्हणून पासष्टीनंतर धोक्याची खालची रेषा १.३ ऐवजी २ धरतात. मास्तरांचे उत्तर त्या रेषेच्या आत आले.