अंजदीवचा किल्ला : आडोसा, पाणी आणि नावाचा गुंता

अंजदीव बेट कर्नाटकातल्या कारवारच्या समोर असूनही गोव्याच्या काणकोण तालुक्यात मोजलं जातं, कारण ते पोर्तुगीजांच्या ताब्यात होतं. किल्ला समजून घ्यायचा तर आधी बेटाच्या दोन बाजू पाहाव्यात. पश्चिमेला खडक आणि उघडा समुद्र. पूर्वेला, किनाऱ्याकडच्या अंगाला, निवाऱ्याचं पाणी. नैऋत्येची लाट बेटावर आपटून मोडते, म्हणून मागे नांगर धरतो. शिवाय गोडं पाणी. १४९८ मध्ये परतीच्या वाटेवरचा वास्को द गामाचा पोर्तुगीज ताफा इथेच थांबला, जहाजं कलती करून त्यांची बुडं साफ केली आणि पिंपं भरून घेतली. बांधीव तळं आणि पडक्या देवळाचे अवशेष तेव्हाच्या नोंदींत आहेत.

१५०५ मध्ये इथे पहिला कोट उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी पोर्तुगीजांनी तो आपल्याच हातांनी पाडला. गोव्याकडून आदिलशाही गलबतांचा हल्ला झाला होता, आणि पावसाळ्यात कोचीहून कुमक येणं अशक्य होतं. चार महिने एकटं पडणारं ठाणं राखणं परवडणारं नव्हतं.

नावाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. अंजदीव, अंजेदिवा, अंजिदीव अशी रूपं सापडतात. शेवटचा ‘दीव’ म्हणजे द्वीप, त्यावर वाद नाही. भांडण ‘अंज’चं. मल्याळम-तमिळमध्ये ‘अंजु’ म्हणजे पाच, म्हणून कारवारजवळच्या बेटांच्या पुंजक्याला ‘पाच बेटं’ म्हटलं गेलं, असा एक अर्थ लावतात. पण या किनाऱ्यावर पाचाला कोकणीत ‘पांच’, कन्नडमध्ये ‘ऐदु’. हा अर्थ धरायचा तर नाव स्थानिकांनी नव्हे, मलबारकडच्या खलाशांनी ठेवलं असं मानावं लागतं. ते अशक्य नाही, कारण परक्यांच्या कानावर बंदरांची नावं पडत ती वाटाड्यांच्या तोंडून. दुसरी व्युत्पत्ती देवीकडे जाते: अज्जदुर्गा, आर्यदुर्गा. कारवारजवळच्या अंकोल्याची आर्यदुर्गा मूळची याच बेटावरची, अशी परंपरा आहे. उच्चाराच्या दृष्टीने ही वाट जास्त खडबडीत, पण पडक्या देवळाची नोंद तिच्या बाजूने उभी राहते. आम्हाला दुसरी बाजू जड वाटते. पोर्तुगीज नावातही असाच घोळ आहे. बेटावरच्या मारियेच्या चर्चच्या नावातल्या ‘ब्रोतास’चा अर्थ सर्रास ‘झरे’ असा देतात, पण पोर्तुगालच्या अलेंतेजू प्रांतात ब्रोतास नावाचं गाव आणि मारियेचं जुनं तीर्थस्थान आहे; नाव तिथूनही आलेलं असू शकतं.

मुंबई इंग्रजांना हुंड्यात मिळाली होती, पण तिथल्या पोर्तुगीजांनी ताबा नाकारला, तेव्हा १६६२ मध्ये सुमारे ४०० इंग्रज सैनिक इथे उतरले. रोगराईने त्यांचा सेनापतीही इथेच गेला. १६६५ मध्ये मुंबई हाती आली तेव्हा शंभराच्या आसपास उरले होते. जहाजांना मानवणारं बेट माणसांच्या दीर्घ मुक्कामाला मानवलं नाही.

आजचा किल्ला १६८२ चा. मराठे बेट घेऊन तिथे तटबंदी करतील या धास्तीने पोर्तुगीजांनी घाई केली. पायाचा दगड ५ मे रोजी बसला, म्हणजे पावसाच्या जेमतेम महिनाभर आधी.

पुढची पावणेतीन शतकं बेट पोर्तुगीजांकडेच राहिलं, एवढ्या एका ओळीत आटोपता येतात. नोव्हेंबर १९६१ मध्ये बेटावरून साबरमती या भारतीय प्रवासी जहाजावर गोळीबार झाला. गोवा मुक्तीच्या कारवाईत १८ डिसेंबरला भारतीय नौदलाची तुकडी उतरली. बेटावरच्या पोर्तुगीज सैनिकांनी पांढरं निशाण दाखवून मग गोळ्या झाडल्या, असं भारतीय बाजू सांगते. ७ नौसैनिक कामी आले.

नंतर बेट नौदलाकडे गेलं आणि कारवारच्या तळासाठी घातलेल्या लाटरोधक बांधाने ते मुख्य भूमीशी जोडलं गेलं. २ फेब्रुवारी आणि ४ ऑक्टोबरच्या फेस्तांना, म्हणजे चर्चच्या सणांना, होड्यांनी जाणं बंद झालं. सुरक्षेचं कारण खरं आहे, पण किल्ल्यालाही माणसं लागतात. चुन्यातल्या दगडी तटात पावसाळ्यानंतर पिंपळाची रोपं उगवतात. ती बोटभर असतानाच मुळासकट काढावी लागतात. वरून छाटली तर मूळ आत जाडावतं आणि दगड बाहेर ढकलतं. सांधे सिमेंटने भरले तर ओल आत अडकते, खारं पाणी सुकताना मीठ धरतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. चुनाच हवा, आणि तो भरायला दर हिवाळ्यात बेटावर कुणीतरी जायला हवं.