पेटीचे कोपरे : डागडुजी व संरक्षण

हार्मोनियमच्या (पेटी, संवादिनी) बाहेरच्या लाकडी खोक्याचे ठेचलेले, झिजलेले किंवा उकललेले कोपरे पूर्ववत करणे व पुढील आघातांपासून ते राखणे. विदर्भाच्या ग्रामीण भागात हे काम मुख्यतः भजनी मंडळांच्या आणि झाडीपट्टीतील (पूर्व विदर्भ) नाटकांच्या जुन्या पेट्यांवर केले जाते.

कोपऱ्यांची झीज हा हातपेटीचा प्रश्न आहे. अलेक्झांद्र दबॅं याने पॅरिसमध्ये पेटंट घेतलेले मूळ वाद्य (1842, काही नोंदींत 1840) पायाने भाता मारण्याचे होते. ते एका जागी उभे राही, त्यामुळे त्याला फारसे धक्के बसत नसत. मांडीसमोर ठेवून डाव्या हाताने भाता मारण्याची पेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या नावावर आहे, मात्र तिच्या काळाबद्दल एकवाक्यता नाही. काही लेखनात 1875 हे वर्ष येते, तर काहींत 1880 नंतरचा काळ सांगितला जातो. 1875 हे त्यांच्या द्वारकिन पेढीच्या स्थापनेचे वर्ष आहे आणि तेच वाद्याला चिकटले असावे, म्हणून नंतरचा काळ अधिक ग्राह्य वाटतो. या रचनेमुळे पेटी बैलगाडीत चढली, डोक्यावरून गावोगाव गेली आणि तिचा सारा भार उचलता-ठेवताना खालच्या चार कोपऱ्यांवर येऊ लागला. पितळी कोपऱ्या (कोपऱ्यावर बसवायचे पत्र्याचे तुकडे) लावण्याची रीत लष्करी प्रवासाच्या लाकडी सामानात आधीपासून होती. नागपूरजवळच्या कामठी छावणीमुळे (1821) असे सामान या भागाला नवे नव्हते. तरी पेटीवर ही रीत कलकत्त्याहून वाद्याबरोबरच आली असे मानणे अधिक सयुक्तिक आहे.

कोपरा उकलण्याचे कारण केवळ आपटणे नव्हे. लाकूड आपल्या रेषांच्या (तंतूंच्या) आडव्या दिशेने फुगते व आक्रसते, लांबीत जवळजवळ नाही. तळफळी रुंदीत हलते, पण तिला जोडलेली बाजूची फळी त्याच दिशेला आपल्या लांबीत असल्याने हलत नाही. चंद्रपूरकडचा 45 अंशांपलीकडचा मे आणि त्यामागून येणारा दमट आषाढ, अशा ओढाताणीत सांध्यातला सरस तडकतो. सागात ही हालचाल इतर लाकडांपेक्षा कमी असते, एवढाच दिलासा. चौकट तिरपी झाली की रीड बोर्ड (सुरांच्या पितळी पट्ट्या बसवलेली फळी) आपल्या कातडी बैठकीवर सपाट टेकत नाही आणि हवा निसटते. म्हणून कोपऱ्याची डागडुजी ही दिसण्यासाठी नसून सुरासाठी असते. भाता मारत कोपऱ्याजवळ पेटती उदबत्ती धरावी. धूर सरळ वर न जाता एका बाजूला फरफटला, तर तिथे फट आहे.

लाकूड शाबूत असून केवळ सांधा सुटला असेल, तर खिळा मारू नये. खिळ्याने फळीचे टोक चिरते आणि पुढच्या दुरुस्तीला सांधा उघडता येत नाही. जुना सरस कोमट पाण्याच्या फडक्याने मऊ करून खरवडावा. सागाला अंगचे तेल असते, म्हणून सांध्यावरून स्पिरिटचा बोळा फिरवावा. नवा सरस एका भांड्यात दुसरे भांडे ठेवून गरम पाण्यावर पातळ करतात, तो उकळला तर पकड जाते. सांधा बसवल्यावर सुतळीने दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले तरच चौकट काटकोनात आहे. मग खोक्याभोवती दोरी गुंडाळून तिच्यात काडी घालून पीळ द्यावा, म्हणजे शिकंजाची गरज उरत नाही. फेविकॉलने सांधा पक्का होतो, परंतु जुन्या पेटीला सरसच योग्य, कारण तो उष्णतेने व ओलाव्याने पुन्हा सुटतो.

कोपरा ठेचून गोल झाला असल्यास तेवढा भाग पटाशीने सपाट कापून जुन्या सागाचे ठिगळ बसवतात. मोडलेल्या चौकटीचा तुकडा यासाठी उत्तम, कारण तो पुरता वाळलेला असतो. रेषा मूळ फळीच्या रेषेला जुळवावी, ठिगळ किंचित मोठे ठेवावे आणि सरस वाळल्यावर रंध्याने उतरवावे. बारीक खळग्याला भुसा व सरसाची लुगदी पुरते. गाड्यांच्या पत्र्याला भरतात ती पुटी लाकडाबरोबर हलत नाही आणि काही पावसाळ्यांत खपली होऊन निघते. शेवटी चपडी लाखेचे पॉलिश.

पितळी कोपरी बसवताना भोके आधी पाडावीत आणि स्क्रू आखूड घ्यावेत. लांब स्क्रू हवेच्या कप्प्यात शिरला तर नवीच गळती सुरू होते. पितळी स्क्रू मऊ असतो, म्हणून आधी त्याच मापाचा लोखंडी फिरवून आटे पाडतात. पत्र्याखालचे लाकूड आधी पॉलिश केलेले असावे, नाहीतर तिथे ओल धरते.

झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो, वडसा (देसाईगंज) हे त्याचे मोठे केंद्र. पावसाळ्यात सरस लवकर वाळत नाही, त्यामुळे कोपऱ्यांचे काम पाऊस सरल्यावर, दिवाळीपूर्वी उरकणे सोयीचे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (1909–1968) परंपरेतील भजनी मंडळांच्या पेट्या वर्षभर वापरात असतात. त्या बहुधा देवळात राहतात. शेणाने सारवलेल्या ओल्या जमिनीवर पेटी थेट ठेवल्यास कोपऱ्यांच्या उघड्या टोकांतून पाणी शोषले जाते आणि मागोमाग वाळवी येते. खाली पाट व त्यावर घोंगडीची घडी असावी. उचलताना दोन्ही बाजूंच्या कड्या धरून पेटी सरळ उचलावी, एका कोपऱ्यावर टेकवून फिरवू नये.