फळीचं धनुष्य आणि जाडीचा घन

अमेरिकेत लाकूडसामानाच्या मोठ्या दुकानात रेड ओकची फळी सहज मिळते. साधारण ६ फूट लांब, ३८ मिलिमीटर रुंद आणि १९ मिलिमीटर जाड. कपाटं आणि जिन्यांची कामं यासाठी लोक ती नेतात. याच फळीतून ४० पाउंडांचं धनुष्य निघू शकतं, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला सुमारे १८ किलोचा जोर लागेल असं. हत्यारंही साधीच लागतात: करवत, रंधा, कानस आणि शेवटच्या खरवडीला पोलादाची धारदार पट्टी. तिथले हौशी धनुष्यकार सुरुवात बहुधा अशाच फळीपासून करतात. ती मोडली तर कारण बहुतेक वेळा फळीच्या निवडीत किंवा हाताच्या घाईत सापडतं.

धनुष्य ओढलं की त्याच्या आत काय चालतं ते आधी पाहू. लक्ष्याकडे असते ती धनुष्याची पाठ आणि धनुर्धाऱ्याकडे असतं ते पोट. दोरी ओढताच पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं आणि दोन्हींच्या मध्ये कुठेतरी ताण नाही, दाब नाही असा एक थर राहतो. या थरापासून जितकं दूर, तितका लाकडावर भार जास्त. पूर्ण ओढीला पाठीचा पृष्ठभाग सुमारे १ टक्का लांबतो आणि पोट जवळपास तितकंच आखडतं. ऐकायला हे किरकोळ वाटतं, पण बहुतेक लाकडांची सहनशक्ती याच आकड्याच्या आसपास संपते. धनुष्य म्हणजे आपल्या मर्यादेच्या कडेवर काम करणारं लाकूड. खुर्चीच्या पायाला किंवा घराच्या वाशाला असा प्रसंग सहसा येत नाही.

आता फळीची निवड. लाकूड हा उभ्या, लांबट पेशींचा जुडगा आहे. या पेशी झाडात खालून वर जातात. त्यांच्या भिंतींत सेल्युलोजचे धागे असतात आणि त्यांना लिग्निन बांधून ठेवतं. पेशी ज्या दिशेने जातात तिला लाकडाची रेषा म्हणू. रेषेच्या दिशेने ओढलं तर सेल्युलोज भार पेलतं. रेषेला आडवं ओढलं तर भार पेशींमधल्या जोडावर येतो. रेड ओकची उभी ताणशक्ती आडव्या ताणशक्तीच्या सुमारे २० पट असते. म्हणून रेषा फळीच्या कडेला समांतर न जाता तिरकी बाहेर पडत असेल, तर प्रत्येक तुटक तंतूपाशी भार जोडावर जातो आणि पाठीवर कपचा उचलतो.

किती तिरकी चालेल? याची मोजमापं लाकूडशास्त्रात पूर्वीच झालेली आहेत. १० सेंटिमीटरमध्ये रेषा १ सेंटिमीटर सरकत असेल तर वाकताना लाकडाची ताकद सरळ रेषेच्या तुलनेत ८१ टक्के उरते. ५ सेंटिमीटरमध्ये १ सेंटिमीटर सरकली तर फक्त ५५ टक्के. कपाटाला ८१ टक्के पुष्कळ झाले. धनुष्याला मात्र ते पुरत नाहीत, कारण तिथे राखीव ताकद मुळात जवळजवळ नसतेच.

दुकानात फळी निवडताना अनेकजण पृष्ठभागावरची वाढीच्या वलयांची नक्षी पाहून थांबतात. मला ते अपुरं वाटतं. ओकमध्ये वसंतात तयार झालेली छिद्रं मोठी असतात आणि कापलेल्या फळीवर ती बारीक गडद रेघोट्यांसारखी दिसतात. तंतूंची खरी दिशा या रेघोट्या सांगतात. त्या रुंद बाजूवरही पाहाव्यात आणि कडेवरही, कारण एका बाजूने सरळ दिसणारी रेषा दुसऱ्या बाजूने हळूच बाहेर निघालेली असू शकते. ढिगातल्या बऱ्याच फळ्या परत ठेवाव्या लागतात. गाठ असेल तर ती फळी ताबडतोब बाजूला काढावी, कारण गाठीभोवती तंतू वळसा घेऊन जातात.

फळी मिळाली की आकाराचा प्रश्न येतो आणि इथे प्रसिद्ध इंग्लिश लाँगबो, म्हणजे लांब धनुष्य, अनेकांची दिशाभूल करतं. १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोज’ या युद्धनौकेचा सांगाडा १९८२ मध्ये वर काढला गेला. त्या नौकेच्या अवशेषांतून शंभराहून अधिक लाँगबो मिळाली. अरुंद, जाड, पोटाकडे गोलसर असा त्यांचा आकार. पण ती यू झाडाची होती. यूचा बाहेरचा फिकट भाग ताण छान सोसतो आणि आतला गाभा दाब छान सोसतो, त्यामुळे त्या लाकडाला तो आकार झेपतो. ओकचं तसं नाही. कोरडं लाकूड ताणात बळकट असतं, दाबात मात्र साधारण निम्मंच. गोल पोटाच्या धनुष्यात सगळ्यात जास्त दाब मधल्या उंच धारेवरच्या थोड्याशा तंतूंवर येतो. तिथल्या पेशींच्या भिंती दुमडतात आणि दोरी उतरवल्यावरही धनुष्य थोडं वाकलेलंच राहतं. ते तुटत नाही, पण त्यातला जीव जातो.

यावर उपाय सपाट आणि रुंद पात्यांचा. मुठीच्या वर-खाली जे भाग वाकतात त्यांना आपण पाती म्हणू. पोट सपाट असेल तर कमाल दाब पूर्ण रुंदीत वाटला जातो. १९३० च्या दशकात अमेरिकेत क्लॅरेन्स हिकमन या भौतिकशास्त्रज्ञाने धनुष्याचं गणित नीट मांडलं. ते बेल लॅबोरेटरीजमध्ये काम करत आणि तरुणपणी, १९१८ मध्ये, त्यांनी अग्निबाणांचे आद्य संशोधक रॉबर्ट गोडार्ड यांच्याबरोबर अग्निबाणांवर काम केलं होतं. हिकमन, भौतिकशास्त्रज्ञ पॉल क्लॉपस्टेग आणि अभियंते फॉरेस्ट नॅगलर यांच्या अभ्यासातून सपाट, आयताकृती छेदाच्या धनुष्याला शास्त्रीय पाया मिळाला. गंमत अशी की डेन्मार्कमध्ये होल्मेगार्डच्या दलदलीत सापडलेली सुमारे ९,००० वर्षांपूर्वीची एल्म झाडाच्या लाकडाची धनुष्यंही रुंद पात्यांचीच आहेत. एल्मला काय मानवतं हे त्या लोकांनी हाताने ओळखलं होतं.

आता घाईचा मुद्दा. पात्याचा ताठपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो, जाडी दुप्पट केली तर आठपट. याचा अर्थ कामाच्या टेबलापाशी कळतो. पातं १४ मिलिमीटर जाड असताना तिथून १ मिलिमीटर काढलं तर ताठपणा २० टक्क्यांनी घटतो. रंध्याची एक बारीक ढलपी ०.१ मिलिमीटरची असेल, तर ती एकटीच २ टक्के नेते. म्हणून शेवटी शेवटी रंधा बाजूला ठेवून पोलादी पट्टीने खरवडायचं असतं, आणि तेही फक्त पोटाकडून. पाठीला, म्हणजे ताणलेल्या तंतूंना, हात लावायचा नाही. तिच्या कडा मात्र गोल करायच्या, कारण तीक्ष्ण कडेवरून चीर लवकर सुरू होते.

धनुष्य घडवण्याचा खरा भाग हा खरवडण्याचा. आधी सैल लांब दोरी लावून भिंतीवरच्या खुंटीला मूठ टेकवायची, दोरी थोडीशी खाली ओढायची आणि दोन्ही पात्यांचा वाक लांबून पाहायचा. जिथे पातं ताठ राहिलंय तिथे खुणा करायच्या, तिथलंच थोडं लाकूड काढायचं, मग पंचवीस-तीस वेळा हलकेच ओढून लाकडाला नव्या जाडीची सवय करू द्यायची आणि पुन्हा पाहायचं. ओढ इंचाइंचाने वाढवायची. पण ठरवलेल्या जोरापेक्षा जास्त एकदाही ओढायचं नाही.

एखाद्या ठिकाणी चुकून जास्त लाकूड गेलं, तर वाक सगळा तिथेच गोळा होतो आणि तो भाग बिजागरीसारखा दुमडतो. तिथे लाकूड परत लावता येत नाही. त्या जागेला न शिवता उरलेलं सगळं पातं तिच्या बरोबरीला आणावं लागतं, मग दुसरं पातंही. पन्नास पाउंडांचं ठरवलेलं धनुष्य अशा रीतीने पस्तीस पाउंडांवर येतं. मला या कलेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते: इथे ताकद भरता येत नाही, भार फक्त सारखा वाटता येतो.

हवेतल्या ओलाव्याचाही हिशोब धरावा लागतो. धनुष्याच्या लाकडात वजनाच्या ८ ते १० टक्के पाणी असावं. त्याहून फार कोरडं झालं तर ते कडकडून मोडतं. ओल जास्त असेल तर पोट लवकर चेपतं. कोकणातल्या भर पावसाळ्यात लाकूड १८ टक्क्यांच्या आसपास पाणी धरून बसतं, तेव्हा तिथे हे काम हिवाळ्या-उन्हाळ्यात करावं. आपल्याकडे रेड ओक नाही, पण सह्याद्रीत धामण आहे. तिचं लाकूड चिवट आणि लवचिक असून कुऱ्हाडीच्या दांड्यांबरोबर धनुष्यांसाठीही वापरलं गेलं आहे. रेषेचा नियम तिलाही तोच.

तयार धनुष्यात किती ऊर्जा साठते? ४० पाउंडांचं धनुष्य पूर्ण ओढताना दोरी सुमारे ५६ सेंटिमीटर मागे येते. जोर शून्यापासून हळूहळू वाढत जातो असं धरलं तर साठलेली ऊर्जा ५० ज्यूलच्या आसपास निघते. यातली ३० ज्यूल बाणाला मिळाली, तर ३० ग्रॅमचा बाण सेकंदाला ४५ मीटर, म्हणजे ताशी १६० किलोमीटर वेगाने निघतो. उरलेली ऊर्जा मुख्यतः पात्यांना आणि दोरीला हलवण्यात जाते. पात्यांची टोकं सगळ्यात वेगाने धावतात. म्हणून टोकांपाशी रुंदी १२ मिलिमीटरपर्यंत उतरवतात, कारण तिथला प्रत्येक जास्तीचा ग्रॅम बाणाच्या वाट्याची ऊर्जा खातो.

बाण न लावता दोरी सोडली तर ते ५० ज्यूल कुठेच जाऊ शकत नाहीत. ते परत पात्यांत आणि दोरीत शिरतात आणि चांगलं जमलेलं धनुष्यसुद्धा एका झटक्यात फुटू शकतं. कुणाच्या हातात धनुष्य दिलं की लोक आधी दोरी ओढून सोडून पाहतात, तेव्हा हे त्यांना देण्यापूर्वीच सांगावं. नेमबाजी संपली की दोरी उतरवून ठेवावी, म्हणजे पोटाचे तंतू रात्रभर दाबाखाली राहत नाहीत.